निकाहाची कॅसेट आणि घरचा सर्व्हर

आपल्या बहुतेक घरांत एखादं कपाट असतं. त्यात व्हीएचएस कॅसेट, निकाहाच्या सीडी, दोन-चार पेनड्राइव्ह आणि कधीतरी टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलेली दादाजानची तिलावत पडून असते. घरातली माणसं मात्र एका छताखाली नसतात. एक मुलगा दुबईत, दुसरा पुण्यात, मुलगी सासरी भिवंडीला. सगळ्यांना ते बघायचं असतं, ऐकायचं असतं, आणि कपाट कोणी उघडत नाही.

काही घरांनी हे सगळं संगणकावर उतरवून घेतलं आहे. पुढचा प्रश्न वाटण्याचा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली चित्रफीत आवळली जाते, चेहरे धूसर होतात आणि ती कुठून कुठे जाईल याचा नेम राहत नाही. गूगलची मोफत जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटो धरून. यूट्यूबवर लपवून ठेवलेली लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते. म्हणून आम्ही या महिन्यात घरच्या मीडिया सर्व्हरबद्दल लिहीत आहोत.

नाव भारदस्त असलं तरी गोष्ट साधी आहे. घरातला एक संगणक सतत चालू ठेवायचा, चित्रफिती आणि ध्वनिफिती त्यात भरायच्या आणि त्यावर एक सॉफ्टवेअर बसवायचं. ते सॉफ्टवेअर सगळं नीट मांडून ठेवतं आणि ज्याला परवानगी आहे त्याच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर दाखवतं. अशी तीन सॉफ्टवेअर मुख्य आहेत: प्लेक्स, एंबी आणि जेलीफिन. कोडी हेही नाव तुमच्या कानावर येईल. टीव्हीला जोडलेल्या पेटीवर बघायला ते छान आहे, पण दूरच्या माणसाला दाखवणं हे त्याचं काम नव्हे.

प्लेक्स सगळ्यांत सोपं. जवळजवळ प्रत्येक टीव्हीसाठी त्याचं अ‍ॅप मिळतं, ईमेल देऊन खातं उघडलं की घराबाहेरून बघण्याची जोडणी बऱ्याचदा ते स्वतःच लावून घेतं. पण २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून बघणं मोफत राहिलेलं नाही. एकतर सर्व्हरच्या मालकाने प्लेक्स पास घ्यायचा, मग त्याच्या नातेवाइकांना वेगळे पैसे पडत नाहीत. किंवा बघणाऱ्याने स्वतःचा छोटा मासिक पास घ्यायचा. त्याच दिवशी आजीवन पासची किंमत ११९.९९ डॉलरवरून २४९.९९ डॉलर झाली. घरातल्या घरात, आपल्याच वायफायवर बघायला आजही पैसे लागत नाहीत.

पैशांपेक्षा आम्हाला दुसरी गोष्ट जास्त खटकते. प्लेक्सवर प्रत्येकाचं खातं कंपनीकडे असतं. तुमच्या सर्व्हरवर कोण येतं, हे कंपनीच्या दारातून ठरतं. ऑगस्ट २०२२ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये त्या दारातून ग्राहकांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड चोरीला गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर कोणी काय पाहिलं याचा आठवड्याचा गोषवारा मित्रमंडळींना ईमेलने जाऊ लागला आणि बरीच बोंब झाली. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येतं. पण आधी चालू ठेवायचं आणि मग तुम्ही बंद करा म्हणायचं, ही रीत घरगुती गोष्टींना शोभत नाही. शिवाय प्लेक्स उघडलं की आपल्या चित्रफितींच्या शेजारी कंपनीचे जाहिरातींसकट मोफत सिनेमे आणि चॅनलही मांडलेले दिसतात. तेही हटवता येतात, पण नानीला रिमोटवर ते कळणार नाही.

एंबी आणि जेलीफिन मुळात एकाच घरातले. डिसेंबर २०१८ मध्ये एंबीवाल्यांनी आपला प्रोग्रॅम खुला ठेवणं थांबवलं, तेव्हा काही मंडळी शेवटचा खुला भाग घेऊन वेगळी झाली आणि जेलीफिन उभं राहिलं. एंबी वाईट नाही, पण त्याच्या बऱ्याच सोयी पैसे भरल्यावरच मिळतात. जेलीफिन पूर्ण मोफत आहे, त्याच्यामागे कंपनी नाही, जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. खाती तुमच्याच संगणकावर राहतात. मोबाइल, अँड्रॉइड टीव्ही आणि फायर टीव्हीसाठी अ‍ॅप आहेत. टीव्हीवर पासवर्ड टाइप करण्याचा त्रास नको असेल तर टीव्हीवर सहा आकडे येतात, ते मोबाइलवरून मंजूर केले की झालं. घरच्या चित्रफितींसाठी आमची पसंती जेलीफिनला आहे, आणि तिचं मोठं कारण पुढे आहे.

निकाहाच्या चित्रीकरणात सगळंच सगळ्यांसाठी नसतं. मेंदीची रात्र, हळद, जनान्यातली गाणी, नवरीचा शृंगार. ही चित्रफीत काढली जाते ती घरातल्या बायकांनी बघावी म्हणून. आत्तापर्यंत कॅसेट अम्मीच्या कपाटात कुलपात असायची, तेवढी सोय पुरे होती. ती फाइल सर्व्हरवर गेली की कुलूपही सर्व्हरवर लावावं लागतं. जेलीफिनमध्ये वेगवेगळे संग्रह करता येतात आणि कोणत्या खात्याला कोणता संग्रह दिसेल हे एकेक करून ठरवता येतं. सर्वांसाठी एक संग्रह, बायकांसाठी दुसरा, तिलावत आणि नातांच्या ध्वनिफितींचा तिसरा. खाला, फुफी, भाभी यांना स्वतंत्र खाती. ज्याला दुसरा संग्रह दिलेला नाही, त्याच्या पडद्यावर त्याचं नावही येत नाही. फाइल उतरवून घेण्याची मुभाही खात्यागणिक काढून टाकता येते.

यात एक फट राहते ती टीव्हीची. हॉलमधल्या टीव्हीवर भाभीचं खातं उघडं राहिलं तर संध्याकाळी आलेला पाहुणाही तेच बघणार. म्हणून हॉलमधल्या टीव्हीसाठी एक वेगळं सामाईक खातं करावं, त्याला फक्त सर्वांचा संग्रह द्यावा आणि बायकांचा संग्रह ज्याच्या-त्याच्या मोबाइलवरच उघडावा. पडद्याचं मोबाइलने चित्रीकरण करणाऱ्याला कोणतंही सॉफ्टवेअर अडवू शकत नाही, ते तुमचं तुम्ही ओळखून खातं द्या. आणि जिची चित्रफीत आहे तिला आधी विचारा. वीस वर्षांपूर्वीची नवरी आज तीन मुलांची आई असेल, तिला ती मेंदीची रात्र दीराच्या घरी चाललेली आवडेल असं गृहीत धरू नका.

संग्रह करताना प्रकार विचारला जातो. तिथे ‘सिनेमे’ न निवडता ‘घरगुती व्हिडिओ आणि फोटो’ निवडावं. नाहीतर सॉफ्टवेअर इंटरनेटवर शोध घेतं आणि अब्बांच्या वलीम्याला भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटवून मोकळं होतं.

आता घराबाहेरचा भाग, आणि इथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो. आपल्याकडच्या अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात. त्यामुळे बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत सरळ वाट नसते. कंपनीकडे जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता मिळू शकतो, पण जेलीफिन थेट इंटरनेटवर उघडं ठेवावं असं आम्हाला वाटत नाही. त्याऐवजी टेलस्केल नावाचं साधन वापरावं. ते सर्व्हरवर आणि बघणाऱ्याच्या मोबाइलवर बसवलं की दोन्ही यंत्रं एकाच घरात असल्यासारखी बोलतात, बाहेरच्याला दार दिसत नाही. घरगुती वापराला ते मोफत आहे. अँड्रॉइड टीव्हीवर चालतं. सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हीवर चालत नाही, तिथे अँड्रॉइडची छोटी पेटी जोडावी लागते.

पुण्यात किंवा भिवंडीत हे बिनधास्त करा. आखातात मात्र जपून. टेलस्केल हा व्हीपीएनचाच प्रकार आहे, आणि संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्यात खोट्या पत्त्याआड राहून गुन्हा करणाऱ्याला जबर शिक्षा आहे. घरचा निकाह बघणं हा गुन्हा नव्हे हे खरं. तरी ज्या देशात व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लावायलाही वर्षानुवर्षं मनाई राहिली आहे, तिथे नोकरीसाठी राहणाऱ्या मुलाला इथून परस्पर "हे टाकून घे" सांगू नये. तिथले नियम आणि कंपनीचे नियम त्याने स्वतः विचारून घ्यावेत. ज्यांची निम्मी माणसं आखातात आहेत आणि घरी तंत्र जाणणारं कोणी नाही, त्यांनी प्लेक्सचा पास घेऊन सर्वांचा संग्रह तेवढा त्यावर ठेवला तर आम्ही नाव ठेवणार नाही. बायकांचा संग्रह तिथे नको. दुसरा उपाय जुनाच आहे. मुलगा सुट्टीवर आला की सगळ्याची एक प्रत हार्डडिस्कवर भरून द्यावी. त्याला तिकडे बघायला मिळतं, आणि इथे पूर आला किंवा डिस्क बसली तर एक प्रत समुद्रापलीकडे सुरक्षित राहते.

संगणक कोणता? नवीन घेऊ नका. जुना लॅपटॉप चालतो, उलट बरा, कारण वीज गेली तर त्याची बॅटरी असते. १५ वॅट खाणारं यंत्र चोवीस तास चालवलं तर महिन्याला साधारण ११ युनिट होतात. अडचण येते ती फाइलच्या प्रकाराने. डीव्हीडीतल्या किंवा जुन्या कॅमेऱ्यातल्या फाइल अनेक मोबाइलना तशाच चालवता येत नाहीत, मग सर्व्हरला त्या चालू असतानाच बदलाव्या लागतात आणि जुना लॅपटॉप धापा टाकतो. म्हणून हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमने प्रत्येक फाइल एकदाच एच.२६४ प्रकारच्या एमपी४ मध्ये बदलून घ्यावी आणि मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर जपावी. कॅसेटवरून उतरवलेल्या चित्रात हालचालीच्या वेळी आडव्या रेघा दिसतात, त्या काढायची सोयही त्यातच आहे.

वेगाचा हिशेब घरच्या इंटरनेटच्या अपलोडवर धरायचा, डाउनलोडवर नाही. चांगल्या दर्जाची चित्रफीत सेकंदाला ८ मेगाबिट घेते, म्हणजे तासाला ३.६ जीबी. अपलोड ४० मेगाबिट असेल तर तीन-चार घरं एका वेळी आरामात बघतील, ईदच्या दुपारी दहा घरं बसली तर अडखळेल. कॅसेटवरून उतरवलेल्या चित्राला याच्या निम्मंही पुरतं. दादाजानच्या तिलावतीची तर गोष्टच वेगळी, तासाभराचा आवाज ५८ एमबीत मावतो. सुरुवात तिथूनच करावी असं आम्ही सुचवू. काम थोडं आहे, आणि सगळ्यांना द्यायला हरकत नसते.

मित्रांना खाती देताना एक मर्यादा सांभाळा. घरच्या चित्रफिती तुमच्या आहेत, विकत घेतलेले सिनेमे वाटायला तुमचे नाहीत. कुठून तरी उतरवलेल्या सिनेमांबद्दल बोलायलाच नको.

शेवटी उरतो सांभाळणारा माणूस. जेलीफिनच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, त्या बसवाव्या लागतात, कधी टेलस्केलचं एखादं यंत्र पुन्हा जोडावं लागतं. महिन्यातून अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास देणारं नाव आधी ठरलेलं हवं. कॉलेजातली मुलगी असेल तर तिच्याकडे द्या, बहुधा तीच भावांपेक्षा नीट करेल. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड, डिस्क कुठे ठेवली आहे आणि कोणाला कोणता संग्रह दिला आहे, हे कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा, जिथे रेशनकार्ड आणि निकाहनामा असतो तिथेच. ती मुलगी उद्या सासरी जाईल, तेव्हा धाकट्याला तो कागद वाचून एका दुपारी सगळं चालवून दाखवायला सांगा.