वॉर्ड चालवायला चालते, वर्गात बसायला का नाही?

महाराष्ट्रातील रुग्णालये कोण चालवते? मंत्री चालवत नाहीत, संचालक चालवत नाहीत, आणि तीन मिनिटांत राउंड उरकून खाली गाडीत बसणारे मोठे डॉक्टर तर मुळीच चालवत नाहीत. रात्री दोन वाजता अर्धांगाच्या रुग्णाला कुशीवर वळवणारी, भरलेले डायपर काढून त्याची पाठ पुसणारी, बेडपॅन देणारी आणि धुणारी, रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबकडे धावणारी, आणि पहाटे गेलेल्याचे डोळे मिटून ट्रॉली शवागाराकडे ढकलणारी जी माणसे आहेत, ती रुग्णालये चालवतात. कुठे त्यांना आया म्हणतात, कुठे वॉर्डबॉय, कुठे अटेंडंट. हुद्दा कोणताही असो, त्यापुढची पायरी त्यांच्यासाठी बांधलेलीच नाही. आमचा आरोप स्पष्ट आहे. ही व्यवस्था या माणसांकडून शुश्रूषेचे सर्वांत जड काम वर्षानुवर्षे करून घेते आणि त्यांना नर्स होण्याचे दार डोळ्यांदेखत लावून घेते!

नियम पाहा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेसाठी बारावी हवी, इंग्रजी हवे, चाळीस टक्के गुण हवेत आणि वय १७ ते ३५ च्या आत हवे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ. त्याखालचे एएनएम दोन वर्षांचे, नर्सिंगची बीएस्सी चार वर्षांची, आणि तिथे बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र पाहिजेच. ज्या मुलीने आयुष्यात एकदाही आजाऱ्याची पाठ पुसलेली नाही, तिला सतराव्या वर्षी दार उघडे. ज्या बाईने पंधरा वर्षे रुग्ण उचलून स्वतःची कंबर मोडून घेतली, तिला छत्तिसाव्या वर्षी दार बंद. तिच्या त्या पंधरा वर्षांचे गुण किती? शून्य!

आणि हेच नियम करणाऱ्यांना शिडी बांधता येत नाही असे कुणी सांगू नये. एएनएम झालेल्या बाईला जीएनएमला जायचे असेल तर वयाची अट नाही. जीएनएमसाठी पोस्ट बेसिक बीएस्सी आहे, त्यापुढे एमएस्सी आहे. म्हणजे वर चढणाऱ्याची उमज या परिषदेला आहे. फक्त शिडीची सर्वांत खालची पायरी, जिथे गरिबाचे पाऊल पडायचे, तेवढीच बसवायची राहिली. हा विसर नव्हे, ही सोय आहे. आया शिकली तर बारा तासांच्या ड्युटीला इतक्या स्वस्तात कोण मिळणार?

तिला काय येते, असे विचारणाऱ्यांनी एक रात्र सरकारी मेडिसिन वॉर्डात काढावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवले नाही तर माकडहाडावर आधी लाली येते, मग कातडी फाटते, मग हाडापर्यंत जखम जाते. ती पहिली लाली आधी आयाला दिसते, कारण तिथे हात तिचाच पोचतो. श्वास बदलला, लघवी कमी झाली, म्हातारा अचानक बरळू लागला, हे तीच सांगत येते. अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स आणि इतरत्र पाच खाटांमागे एक, असे प्रमाण परिचर्या परिषदेने घालून दिले. प्रत्यक्षात नाइटला एकटी सिस्टर तीस-चाळीस रुग्णांत गरगरत असते आणि तिचे दुसरे डोळे ही आयाच असते. हे डोळे फुकट वापरायला चालतात, पण त्यांना पुस्तक दाखवायला चालत नाही!

याहून मोठा काळाबाजार गल्लोगल्ली उघडा आहे. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर पाटी असते: नर्सिंग असिस्टंट कोर्स, दहावी पास-नापास, शंभर टक्के नोकरी. शेतमजुराची मुलगी आईचे मंगळसूत्र गहाण टाकून फी भरते. सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने, तिच्या हातात रंगीत कागद पडतो. तो घेऊन ती महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे गेली की कळते, या कागदावर नोंदणी नाही, आणि जीएनएमच्या प्रवेशात त्याला कवडीचीही किंमत नाही. नर्स होण्याचे स्वप्न विकून आया तयार करण्याचे हे कारखाने आहेत. आरोग्य विभागाला ती पाटी दिसत नाही काय? पोलिसांना दिसत नाही काय? की हप्त्याच्या पाकिटाने डोळे झाकले आहेत?

पुढची पायरी छोट्या नर्सिंग होमची. तिथे हीच मुलगी पांढऱ्या गणवेशात उभी केली जाते, पेशंट तिला सिस्टर म्हणतात, आणि डॉक्टरसाहेब तिच्या हाती इंजेक्शन देतात. तपासणी आली की तिला मागच्या खोलीत बसवतात. रुग्ण दगावला की साहेब हात झटकतात: ती आमची नर्स नव्हतीच! पगाराच्या दिवशी आया, कामाच्या वेळी नर्स आणि पोलीस आल्यावर कुणीच नाही. यात ती फसते आणि रुग्णही फसतो. फावते फक्त मालकाचे.

सरकार तरी वेगळे आहे का? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी बजावले आहे की असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण द्या, कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस टोचा. पण रुग्णालयाला आया पुरवणारा कंत्राटदार, म्हणजे ब्युरोवाला, दुपारी नाव लिहून घेतो आणि त्याच रात्री बाईला ड्युटीवर पाठवतो. सुई टोचली की तिने कुणाच्या दारात जायचे? रुग्णालय म्हणते कंत्राटदाराकडे जा, कंत्राटदार म्हणतो उद्यापासून येऊ नकोस. सप्टेंबर २०२३ मध्ये याच राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. राज्यभर ओरड झाली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो गुंडाळला. कागद गेला, वृत्ती गेली नाही. माणसाला हातमोज्यासारखे वापरायचे आणि फाटला की फेकायचा, ही ती वृत्ती!

प्रशिक्षित नर्सभगिनींची धास्ती आम्हाला ठाऊक आहे. आया पुढे आल्या तर मालक आमच्या जागी त्यांनाच स्वस्तात बसवील, असे त्यांना वाटते. ही भीती खोटी नाही. खुद्द नर्सची लूटही ताजीच आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये द्या, असे सांगितले. किती मालकांनी ते मनावर घेतले, हे नर्सनाच विचारा. पण बायांनो, मालक आज तुमच्या जागी आयाला बसवतोच आहे, आणि ती नोंदणीकृत नाही म्हणूनच ती त्याला स्वस्त पडते. तिला तुमच्याच परीक्षेला बसू द्या, तुमच्याच नोंदवहीत तिचे नाव येऊ द्या, मग तिला तुमच्यापेक्षा कमी पैशांत राबवणे त्याला जमणार नाही. तिची अडवणूक म्हणजे तुमच्याच पगारावर घाव आहे.

दर्जा घसरेल, अशी हाकाटी होईलच. दर्जाच्या पहारेकऱ्यांनो, १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली, तेव्हा उमेदवार मुलींना राहणे, जेवण आणि थोडे वेतन देऊन वॉर्डातच शिकवले. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या आधाराने, समाजाने कोपऱ्यात लोटलेल्या विधवांना नर्स म्हणून उभे केले. तेव्हा त्या बायांकडे बारावीचे विज्ञान होते काय? आणि आजचे इंग्लंड पाहा. तिथल्या सरकारी रुग्णालयातील मदतनीस पगार घेत शिकतो, नर्सिंग असोसिएट होतो. २०१९ पासून त्याची रीतसर नोंदणी होते आणि पुढे त्याला पूर्ण नर्सही होता येते. अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहातील मदतनिसाला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. तिथे रुग्ण मेले नाहीत. मेली ती फुकट राबवून घेण्याची सोय.

आम्ही परीक्षा सोपी करा म्हणत नाही. प्रश्नपत्रिका तीच ठेवा, प्रात्यक्षिक तेच ठेवा, नापास होईल तिला खुशाल नापास करा. आमची मागणी दाराची आहे. पाच वर्षे वॉर्डात काम केलेल्यांना एएनएम-जीएनएमच्या वयाच्या अटीतून सूट द्या. प्रत्येक सरकारी नर्सिंग शाळेत त्यांच्यासाठी जागा राखा आणि शिकण्याच्या काळात पगार चालू ठेवा, कारण तीन वर्षे चूल विझवून कुणी शिकू शकत नाही. दहावीवर थांबलेल्यांना बारावी पूर्ण करण्यासाठी ड्युटीच्या वेळा जुळवून द्या. ज्या कोर्सला परिषदेची मान्यता नाही, त्याच्या जाहिरातीत नर्सिंग असे छापणाऱ्यावर फौजदारी गुन्हा दाखल करा. आणि लसीची नोंद दाखवल्याशिवाय कोणत्याही कंत्राटदाराचे बिल मंजूर करू नका.

यात अशक्य काय आहे? दरवर्षी १२ मे रोजी, परिचारिका दिनी, दिवे लावून शपथा घेता, सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीला हार घालता. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्या माउलीने १८९७ साली देह ठेवला. तिच्या तसबिरीखाली उभे राहून भाषण ठोकताना, तेच काम आज करणारी बाई सभागृहाबाहेर खुर्च्या पुसत असते, याची थोडी तरी शरम बाळगा!

आरोग्यमंत्री आणि वैद्यकीय शिक्षणमंत्री यांना आमचे बजावणे आहे: येत्या प्रवेशाच्या हंगामाआधी नियम बदला. या माणसांची सहनशीलता म्हणजे संमती, असे धरून चालू नका. त्यांनी एक दिवस नुसते हात बांधून बसायचे ठरवले, तर दुपारपर्यंत तुमची रुग्णालये सडतील. त्या दिवशी कंत्राटदार येणार नाही, सचिव येणार नाहीत. मंत्रिमहोदय, बेडपॅन उचलायला तुम्हालाच यावे लागेल. तुमचा अनुभव मात्र आम्ही नक्की मोजू!