पायलट ‘नको’ म्हणाला तर ऐकून घ्या

९ ऑगस्ट २०२४. ब्राझीलमध्ये व्होएपास कंपनीचं एटीआर-७२ विमान कास्कावेलहून साओ पावलोकडे जाताना विन्येदो गावात कोसळलं. विमानात ६२ माणसं होती, एकही वाचलं नाही. गरगर फिरत खाली येणाऱ्या त्या विमानाचा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. नंतर आलेला प्राथमिक तपास अहवाल मात्र फार थोड्यांनी वाचला असावा.

त्यात काय आहे? विमान साधारण १७ हजार फुटांवर होतं. त्या पट्ट्यात तीव्र आइसिंग होईल असा अंदाज आधीच दिलेला होता. कॉकपिटमध्ये ‘बराच बर्फ आहे’ असं सहवैमानिक बोलल्याचं रेकॉर्ड झालंय. पंखांवरचा बर्फ काढायची यंत्रणा वाटेत अनेकदा चालू-बंद झाली. आणीबाणी मात्र जाहीर झाली नाही.

आइसिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ढगात तापमान शून्याखाली गेलं तरी पाण्याचे थेंब लगेच गोठतातच असं नाही. विमान त्यांच्यावर आपटलं की ते पंखावरच गोठतात. वजन वाढतं हे खरं, पण मुख्य घात वेगळाच. पंखाचा आकार बिघडतो, त्यावरून हवा नीट वाहत नाही, वेग पडत जातो. मग एरवी ज्या वेगाला विमान निवांत उडतं, त्याच वेगाला पंख ते उचलून धरू शकत नाहीत. ऑटोपायलट हे सगळं गुपचूप सांभाळून घेतो आणि शेवटच्या क्षणी हात वर करतो. पायलटला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मोठी जेट विमानं या थरातून झपाट्याने वर निघून जातात. बहुतेकांच्या पंखांत इंजिनातली गरम हवाही खेळवलेली असते. लहान टर्बोप्रॉप विमानांचा बराच प्रवास याच थरात होतो. त्यांच्या पंखांच्या पुढच्या कडेला रबरी पट्ट्या असतात. त्या फुगवून बर्फ फोडायचा, एवढाच आधार.

तो किती पुरतो, हे ३१ ऑक्टोबर १९९४ लाच दिसलं होतं. अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर-७२च पडलं, ६८ माणसं गेली. शिकागोला उतरायची परवानगी मिळेपर्यंत ते १० हजार फुटांवर घिरट्या घालत होतं. मोठे थेंब रबरी पट्ट्यांच्या मागे जाऊन गोठले. नंतर पट्ट्या रुंद केल्या गेल्या. पण अशा मोठ्या थेंबांत नवीन विमान टिकतं का, हे तपासायचा नियम अमेरिकेने पक्का केला २०१४ साली. वीस वर्षं लागली!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. रबरी पट्ट्या, सेन्सर, सर्टिफिकेट यांनी फक्त थोडा वेळ मिळतो. खात्रीचा उपाय एकच, बर्फातून बाहेर पडा. उंची बदला, मागे फिरा, दुसरीकडे उतरा, नाहीतर निघूच नका. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीला पैसे लागतात. इंधन जातं, वेळापत्रक कोलमडतं, पुढची फेरी रद्द होते. त्यामुळे हा निर्णय एकट्या पायलटचा कधीच नसतो. त्याच्या मागे कंपनी उभी असते, आणि कंपनीच्या मागे आपण.

‘पायलटची चूक’ म्हणून फाइल बंद करणं सोपं आहे. चूक असतेही. पण चुकायची वेळ त्याच्यावर कुणी आणली, हे विचारायला नको का?

आता कुणीतरी म्हणेल, आपल्याकडे कुठला आलाय बर्फ? खाली ३० डिग्री असले तरी वर प्रत्येक किलोमीटरला तापमान साधारण सहा डिग्रीने उतरतं. म्हणजे पावसाळ्यात पाच किलोमीटरच्या आसपास शून्य. फुटांत सांगायचं तर सोळा-सतरा हजार. एटीआर उडतात त्याच सुमाराला. कोल्हापूर, नाशिकसारख्या शहरांत येणारी बरीच विमानं एटीआरच असतात.

मागच्या पावसाळ्यात एका विमानतळावर मी पाहिलं. हवामानामुळे फ्लाइट रद्द झाली तर काउंटरवरच्या पोरीवर चाळीस लोक तुटून पडले होते. ‘पैसे घेताना बरं हवामान दिसत नाही!’ जेवण द्या, राहायची सोय करा, पैसे परत द्या, हे मागायलाच पाहिजे. पण ‘उडवाच’ असा हट्ट धरायचा नाही. तो दबाव काउंटरवरून फिरत फिरत शेवटी कॉकपिटमध्ये पोचतो.

डीजीसीएकडे आणि कंपन्यांकडे मागणी करायची तर ही करा. हवामानामुळे मागे फिरलेल्या किंवा न उडालेल्या पायलटला कुणी जाब विचारणार नाही, त्याचा पगार, बढती, ड्युटी यावर परिणाम होणार नाही, हे लेखी द्या. आणि अशा किती फ्लाइट्स मागे फिरल्या, ते दरवर्षी जाहीर करा. एखाद्या कंपनीचा आकडा शून्य असेल तर तिचं कौतुक करू नका, आधी चौकशी करा.

लहान शहरांना विमान हवंच. पण उशिरा पोचलेला माणूस घरी भांडायला तरी असतो.