मंच आणि वीज ही क्षुल्लक बाब नव्हे

रायबरेली खटल्यात इंदिरा गांधींची खासदारकी क्षुल्लक कारणावरून गेली, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटलेले नाही. १९७१ मध्ये त्या पंतप्रधानपदी असताना पुन्हा त्याच मतदारसंघातून उभ्या होत्या. लाचेचा आणि मर्यादेबाहेरील खर्चाचा आरोप तर अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी फेटाळलाच होता. १२ जून १९७५ च्या निकालात टिकले ते एवढेच: पंतप्रधान सचिवालयातील अधिकारी यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच त्यांची प्रचारात मदत घेतली गेली, सभांचे मंच आणि ध्वनिक्षेपकांची वीज उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांकरवी आली.

शिक्षक म्हणून मी कितीतरी निवडणुकांत मतदान केंद्रावर बसलो. उमेदवाराच्या माणसाने आणलेला चहादेखील आम्ही किटलीसकट परत पाठवत असू. आम्हाला हा दंडक आणि पंतप्रधानांना मात्र सूट?

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये त्यांची निवड वैध ठरवली, हे खरे. पण त्याआधी ऑगस्टमध्ये संसदेने निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलून घेतला होता, आणि तोही आणीबाणीत विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात असताना. पत्रलेखकाने हे का गाळले?

– एक निवृत्त शिक्षक