चला, भटकू या : धुराच्या गाडीला भेटायला

दोस्तांनो, आज आधी एक कोडं. खातं कोळसा, पितं पाणी, श्वास सोडतं तेव्हा आभाळ काळं करतं आणि पळताना स्वतःचा ताल स्वतःच धरतं. सांगा बघू, कोण?

ओळखलंत ना? वाफेचं इंजिन!

या वेळची आपली भटकंती सुरू होते सालेकसा स्टेशनातून. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचं हे स्टेशन. पुढे दरेकसा, मग डोंगर, बोगदा आणि पलीकडे छत्तीसगडातलं डोंगरगड. पावसाळ्यात दरेकसाजवळ हाजरा धबधबा कोसळत असतो. मुंबई-हावडा ही देशातली मोठी गजबजलेली लाईन इथून जाते. फलाटावर दहा मिनिटं उभे राहिलात तरी एखादी लांबलचक मालगाडी धडधडत निघून जाते. पण धूर? छे, धुराचं नाव नाही. वर विजेची तार आणि तिला टेकलेलं इंजिन.

आता डोळे मिटा आणि मागे जा, जवळजवळ दीडशे वर्षं. १८८० च्या सुमाराला नागपूरपासून राजनांदगावपर्यंत मीटर गेज लाईन टाकली गेली. तिचं नाव नागपूर-छत्तीसगड रेल्वे. पुढे १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिने ही लाईन ताब्यात घेतली, रुंद केली आणि थेट बंगालकडे नेली. तेव्हापासून कितीतरी वर्षं या डोंगरातून गाडी ओढली ती वाफेनेच. बोगदा आला की डब्यातली माणसं धडाधड खिडक्या लावून घेत. का? कारण बोगद्यात धुराला जायला वाट नसते, तो सरळ डब्यात शिरतो आणि पांढरा सदरा काळा होतो!

मग गोंदियाची एक वेगळीच मजा होती. मोठ्या लाईनच्या शेजारीच तिथून एक 'छोटी लाईन' निघायची. बालाघाट, नैनपूर करत ती सातपुड्यातून जबलपूरला जायची. ही नॅरो गेज. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलीमीटर. तेवढं म्हणजे किती? एक सुतळी घ्या, मोजपट्टीने ७६ सेंटिमीटरवर गाठ मारा आणि घरात जमिनीवर ताणून धरा. आता दुसरी सुतळी १६७.६ सेंटिमीटरची. ती झाली आपली ब्रॉड गेज. बघा, पहिलीपेक्षा दुपटीहूनही मोठी! रूळ जवळ असले की गाडी लहान आणि वळणं घट्ट घेता येतात. डोंगराळ भागात कमी खर्चात लाईन टाकता येते. म्हणून तर माथेरानची गाडी त्याहूनही अरुंद रुळांवर धावते, ६१० मिलीमीटरच्या!

छोटी लाईन आता राहिली नाही. गोंदिया-बालाघाटचा भाग आधीच रुंद झाला. जबलपूर-नैनपूरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली आणि नागपूर-नागभीडची २०१९ मध्ये. यात कुणाचा दोष नाही हं! छोट्या गाडीने दवाखान्यात पोचायला अर्धा दिवस लागत असेल, तर गावकऱ्यांनी मोठी गाडी मागितली यात चूक ती काय? मोठी लाईन हवीच होती. पण घर नवं बांधलं म्हणून आजीची पितळेची घागर कुणी भंगारात टाकतं का? ती आपण माळ्यावर का होईना, जपून ठेवतो. रेल्वेची ही घागर कुठे ठेवलीय, तेच आज बघायचंय.

सालेकसाहून गाडीत बसायचं. धानोली, आमगाव, गुदमा, मग गोंदिया. तिथून पुढे सुमारे १३० किलोमीटर गेलं की नागपूर. नागपुरात मोतीबागेत नॅरो गेज रेल्वेचं संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ ला ते सुरू झालं. दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचं हे संग्रहालय. सातपुड्यातल्या छोट्या लाईनची इंजिनं, डबे आणि जुनं सामान इथे जपलंय. मुलांना बसायला छोटी गाडीही आहे. मात्र कोणत्या वारी बंद असतं आणि ती गाडी त्या दिवशी सुरू आहे का, हे निघण्यापूर्वी चौकशी करून घ्या. नाहीतर एवढ्या लांब जाऊन फाटकाला कुलूप!

तिथे गेलात की नुसतं इंजिनापुढे उभं राहून फोटो काढून परत फिरू नका. इंजिन वाचायला शिका. मागून सुरुवात करा. ड्रायव्हरच्या खोलीत एक लोखंडी दार दिसेल. त्याच्या आत भट्टी. फायरमन फावड्याने दगडी कोळसा आत टाकायचा, तोही एकदम ढीगभर नाही, थोडा थोडा आणि सगळीकडे सारखा. पुढे जो लांब गोल पिंप दिसतो तो बॉयलर. त्यात पाणी, आणि त्या पाण्यातून आरपार गेलेल्या कितीतरी नळ्या. भट्टीतली धग या नळ्यांमधून पुढे धावते आणि भोवतीचं पाणी उकळतं. वाफ वर जमते. ड्रायव्हरने दांडा ओढला की ती खाली सिलिंडरमध्ये येते आणि आतला दट्ट्या ढकलते. दट्ट्याला जोडलेला लोखंडी दांडा चाक फिरवतो. झालं, निघाली गाडी!

मग 'झुक् झुक्' कोण म्हणतं? दट्ट्या ढकलून झाला की दमलेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते. तो तिचा आवाज. सिलिंडर दोन, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. प्रत्येकात वाफ एकदा पुढून येते, एकदा मागून. म्हणजे चाकाच्या एका फेरीत किती झुक्? बरोबर, चार! आणखी गंमत म्हणजे, ही वाफ धुराड्यातून निघताना धूरही ओढून नेते, त्यामुळे मागे भट्टीत ताजी हवा शिरते आणि आग आणखी भडकते. चढावर इंजिन जितकं जोरात धापा टाकेल, तितकी त्याची भट्टी जास्त पेटेल. आहे की नाही हुशार?

आणि एक वस्तू नक्की शोधा, पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी. फायरमनचा अर्धा जीव त्या नळीत. पाणी फार कमी झालं तर भट्टीचं छत उघडं पडतं, तापतं आणि बॉयलर फुटू शकतो. म्हणून त्या छतात शिशासारख्या लवकर वितळणाऱ्या धातूचं बूच बसवत. पाणी खाली गेलं की बूच वितळायचं आणि वाफ फुसफुसत भट्टीत शिरून इशारा द्यायची.

आता त्या इंजिनाला हात लावून बघा, अर्थात तिथल्या माणसाची परवानगी घेऊन. गार लागेल. अगदी गार. रंग दिलेला, तेल पुसलेलं, पण गार. मला तरी तिथे थोडं वाईट वाटतं. वाफेचं इंजिन म्हणजे बटण दाबून सुरू होणारं यंत्र नव्हे. थंड इंजिन पेटवून गाडी ओढण्याजोगं करायला कित्येक तास लागतात. घाई केली तर धातू वेडावाकडा फुगतो. कोळसा लागतो, बॉयलरची तपासणी लागते, सुटे भाग लागतात. आणि सगळ्यात जास्त काय लागतं? ते येणारी माणसं.

अशी माणसं जमली की काय होतं, ते वेल्समध्ये बघा. तिथे टॅलिलिन नावाची एक छोटी रेल्वे होती, दगडी पाट्यांच्या खाणीची. ती बंद पडणार म्हटल्यावर हौशी माणसं पुढे आली आणि १९५१ पासून तीच ती चालवू लागली, पगार न घेता! कुणी तिकिटं फाडायचा, कुणी रूळ दुरुस्त करायचा. जगात असं पहिल्यांदाच घडलं. 'थॉमस' नावाच्या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री १९५२ मध्ये तिथे हौसेने गार्ड झाले होते. एकदा त्यांनी शिट्टी फुंकली, गाडी सुटली आणि फराळ विकणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या! ती रेल्वे आजही धावते.

आपल्याकडेही सगळंच गार पडलेलं नाही बरं का. दार्जिलिंगच्या आणि निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवर आजही वाफेची इंजिनं चालतात. दार्जिलिंगला युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान दिला, निलगिरीला २००५ मध्ये. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये जुनी इंजिनं दुरुस्त करून खास दिवशी पेटवतात. १८५५ ची 'फेअरी क्वीन' तर १९९७ मध्ये दिल्ली-अलवर अशी पर्यटकांना घेऊन पुन्हा धावली! आपली माथेरानची गाडी १९०७ ची. २०१९ च्या पावसाने तिचे रूळ वाहून गेले, पण दुरुस्ती होऊन ती २०२२ मध्ये नेरळहून परत वर चढली. आता ती डिझेलवर चालते, तरी चालते हे महत्त्वाचं. माणसांना हवी होती म्हणूनच ना!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही शाळकरी पोरं, आम्ही काय करणार? ऐका तर.

आमच्या शेजारी एक निवृत्त फायरमन राहायचे. मी त्यांना आजोबाच म्हणायचो. संध्याकाळी ओट्यावर बसून हवेतच दोरी ओढून शिट्टी कशी मारायची ते दाखवायचे. "दरेकसाचा चढ आला की आम्ही दोघं बोलत नसू," एवढं एकदा म्हणाले होते. का बोलत नसतील? चढाला किती फावडी कोळसा लागायचा? बोगद्यात श्वास कसा घेत? हे सगळं नीट लिहून घ्यायचं असं मी ठरवलं होतं. या दिवाळीत नको, पुढच्या सुट्टीत बघू, असं करत राहिलो. एका सुट्टीत घरी गेलो तर ओटा रिकामा होता. ते एक वाक्य तेवढं माझ्याजवळ आहे.

म्हणून हे छोटंसं गणित करा. विदर्भातल्या शकुंतलेचं, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर गाडीचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं होतं ते! आणि ब्रॉड गेजवरची वाफेची नेहमीची शेवटची गाडी धावली ६ डिसेंबर १९९५ ला, पंजाबात. त्या वेळी पंचविशीतला जो फायरमन होता, तो आज पन्नाशी कधीच ओलांडून गेला. चाळिशीत होता तो सत्तरीच्या घरात आहे. इंजिनाला पुन्हा रंग देता येतो. या माणसांच्या हातातलं आणि कानातलं ज्ञान मात्र त्यांच्याबरोबरच जातं.

गोंदिया, आमगाव, डोंगरगड, नागपूर, इथे रेल्वेतून निवृत्त झालेली कितीतरी घरं आहेत. तुमच्या गल्लीतही असतील. एक वही घ्या आणि विचारा:

१. तुमची पहिली गाडी कोणती? पहिल्या दिवशी काय चुकलं?
२. एका फेरीला किती कोळसा, किती पाणी लागायचं? पाणी कुठे भरायचे?
३. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचे?
४. डबा कधी खायचे, आणि कुठे?
५. सर्वांत भीती कधी वाटली?

जसं सांगतील तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहा. घरच्या मोबाईलवर आवाजही टिपून ठेवा, पण आधी विचारून. एखादा जुना कंदील किंवा फोटो निघाला तर मागू नका, त्याचं चित्र काढा.

दुसरं काम, सहलीचं. या वर्षी बाईंना आणि सरांना मोतीबागेचं नाव सुचवा. तिकीट काढून बघायला येणारी माणसं असली की संग्रहालय टिकतं. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो. त्या दिवशी शाळेत इंजिनाचं चित्र लावा, नाहीतर एखाद्या निवृत्त ड्रायव्हर आजोबांना वर्गात बोलवा. आणि हो, इंजिनावर खिळ्याने स्वतःचं नाव कोरणारा शूर वीर दिसला तर त्याला माझ्याकडे पाठवा!

तिसरी गोष्ट, अगदी कान धरून सांगतो. बोगदा बघायला म्हणून रुळांवरून चालत जायचं नाही. विजेचं इंजिन झुक् झुक् करून आधी सांगत नाही, ते येऊनच उभं राहतं. डोंगर, बोगदा आणि हाजरा धबधबा गाडीच्या खिडकीतून झकास दिसतात.

तर मग, लागा कामाला. वहीतली एक तरी गोष्ट आमच्याकडे पाठवा. माझ्या त्या आजोबांना विचारायचे राहिलेले प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी विचारेल ना? दरेकसाच्या चढावर ते दोघं गप्प का व्हायचे, ते मला अजून कळायचंय.