अर्ध्या तासाचा मालक कोण?

‘काम नाही, तर दाम नाही’ हे सूत्र आपल्या सुशिक्षित समाजात इतके सर्वमान्य झाले आहे की, ते एकदा उच्चारले म्हणजे पुढे वादाला जागाच उरत नाही असे अनेकांस वाटते. कापडाच्या दुकानातील विक्रेती, उपाहारगृहातील वाढपी, इमारतीच्या फाटकावरील पहारेकरी यांच्या जेवणाचा अर्धा तास मजुरीतून वगळला जातो, तो याच सूत्राच्या आधारावर. जेवताना मनुष्य काम करीत नाही. मग मालकाने त्या वेळेचे पैसे का मोजावे? प्रश्न दिसावयास बिनतोड आहे. परंतु त्याच्या मुळाशी जो दुसरा प्रश्न आहे तो विचारणारांनी सोयीस्करपणे गाळला आहे. तो असा की, तो अर्धा तास मुळात असतो कोणाचा?

पहारेकऱ्याचेच पाहा. त्याचा डबा उघडतो तो फाटकाशीच. पहिला घास घेतो न घेतो तोच मोटारीचा कर्णा वाजतो. तो उठतो, फाटक उघडतो, आलेल्या पाहुण्याचे नाव वहीत लिहून घेतो आणि गार झालेल्या भाकरीकडे परततो. विक्रेतीची गोष्ट निराळी नाही. गिऱ्हाईक आले की डबा झाकावयाचा आणि दुकानाबाहेर पाऊल टाकावयाचे तर परवानगी मागावयाची. ज्या वेळेत मनुष्याला उठवण्याचा अधिकार दुसऱ्याचा, ती वेळ त्याची स्वतःची कशी? तिला विश्रांती म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे. ती विनामूल्य हजेरी होय.

आता आपल्याकडे वळू. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी महिनेवारी पगार येतो. कचेरीत दुपारी डबा खाऊन, वर चहा घेऊन, राजकारणावर यथेच्छ वाद घालून आपण टेबलाशी परततो. त्या वेळेची वजावट एखाद्या प्राध्यापकाच्या अथवा अधिकाऱ्याच्या वेतनातून झाल्याचे कोणाच्या ऐकिवात आहे काय? म्हणजे ‘काम नाही, तर दाम नाही’ हा सनातन न्याय नव्हे. ज्याचा पगार थोडा त्याच्यापुरताच राखून ठेवलेला तो नियम आहे.

हे मागणे कोणी काल उभे केलेले नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध केला. त्यात साप्ताहिक सुटीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. रविवारची सुटी गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने अर्धा तास दिला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. कामाची मर्यादा दिवसास ९ तास आणि विश्रांतीसह एकंदर गुंतवणूक साडेदहा तास ठरविली. मजुरी कामाच्या तासांची. मनुष्य मात्र अडकून पडावयाचा त्याहून अधिक वेळ, ही तफावत कायद्याला दिसत होती. ती मोजली गेली. तिचे मोल तेवढे कोणी ठरविले नाही.

उलट, सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ही दैनिक मर्यादा कारखान्यांत ९ वरून १२ तासांवर आणि दुकानांत ९ वरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. दिवस जसजसा लांबतो तसतसे मधल्या विश्रांतीचे महत्त्व वाढते, हे सांगावयास अर्थशास्त्री नको. केरळात कोळिकोडच्या दुकानांतील स्त्रियांना तर नुसते बसता यावे म्हणून वर्षानुवर्षे झगडावे लागले, तेव्हा कोठे २०१८ मध्ये तो हक्क कायद्यात आला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तोच मार्ग धरला. बसण्याचाही हक्क कायद्याने द्यावा लागतो, तेथे मालकांच्या सौजन्यावर विसंबून राहा असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

अर्धा तास म्हणजे कितीसा, असे म्हणणारांनी हिशेब करावा. महिन्याचे २६ दिवस धरले तर वर्षाचे १५६ तास होतात. आठ तासांच्या दिवसाप्रमाणे ते साडेएकोणीस दिवस भरतात. एवढ्या दिवसांचा पगार आपल्या हातून निसटला असता तर आपण गप्प बसलो असतो काय?

लहान दुकानदारास हा बोजा झेपणार नाही, असा आक्षेप येईल. तो अगदीच पोकळ नाही. परंतु त्याचे उत्तर साधे आहे. मजुरी देणे झेपत नसेल तर तो अर्धा तास खरोखर मोकळा करा. त्या वेळी मनुष्य कोठेही जावो, झोपो, दाराला कडी लावून जेवो. त्यास कोणी हाक मारू नये आणि त्याची जागा दुसऱ्याने सांभाळावी. असे झाले तर त्या वेळेचे पैसे मागण्याचे बळ पुष्कळ कमी होईल, हे आम्ही मान्य करतो. वेळ घ्यावयाची तर दाम द्या, दाम द्यावयाचे नसेल तर वेळ सोडा. वेळही घ्यावयाची आणि दामही ठेवावयाचे, हा तिसरा मार्ग व्यवहाराचा नव्हे, लुबाडणुकीचा आहे.

आणि येथे मालक म्हणजे कोणी दूरचा गिरणीवाला नव्हे. गृहसंस्थेच्या वार्षिक सभेत रंगकामाचा खर्च तासभर चघळणारे आपणच त्या पहारेकऱ्याचे मालक आहो. मध्ये ठेकेदार उभा केल्याने जबाबदारी टळत नाही. पुढच्या सभेत पहारेकरी केव्हा जेवतो, त्या वेळी फाटक कोण सांभाळतो आणि त्या वेळेचे पैसे त्यास मिळतात की नाही, एवढे तीन प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत. ज्यांस ते क्षुल्लक वाटतील त्यांनी एक महिना स्वतःचे दुपारचे जेवण फाटकाशी बसून करून पाहावे.