जिथे दुबार पेरणी नाही



आज खत-बियाणे बाजूला ठेवून आकाशातल्या एका यंत्राविषयी लिहितो. घरातल्या शाळकरी मुलांना हे वाचून दाखवा. आणि गावच्या पाझर तलावाचे काम वर्षानुवर्षे रखडलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तर जरूर वाचा.

अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने युरोप आणि कॅनडा यांच्या मदतीने 'जेम्स वेब' नावाची मोठी दुर्बीण बांधली. तिची बोलणी 1989 साली सुरू झाली. पुढे ठरले की 2007 च्या सुमारास ती अवकाशात सोडायची आणि खर्च शंभर कोटी डॉलरच्या आतबाहेर ठेवायचा. प्रत्यक्षात ती सुटली 25 डिसेंबर 2021 रोजी, आणि खर्च गेला सुमारे एक हजार कोटी डॉलरवर.

एवढा उशीर का? काही उशीर कामाच्या जातीचाच होता. फार दूरच्या तारकांचा उजेड आपल्यापर्यंत येतो तो उष्णतेच्या किरणांच्या रूपात. चुलीशी बसून दुसऱ्याच्या हाताची ऊब कशी कळणार? म्हणून दुर्बीण स्वतःच थंडगार हवी, उणे 220 अंशांच्याही खाली. त्यासाठी तिला उन्हापासून आडोसा केला. केसाइतक्या पातळ पापुद्र्यांचे पाच पदर, आणि आकार टेनिसच्या मैदानाएवढा! आरसा साडेसहा मीटर रुंद, अठरा षटकोनी तुकड्यांचा. त्यावर सोन्याचा मुलामा आहे, पण सारे सोने मिळून 48 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या मापाने चार तोळ्यांहून थोडे जास्त. एवढा पसारा अग्निबाणाच्या टोकात मावेना, म्हणून तो छत्रीसारखा मिटून न्यायचा आणि वर गेल्यावर आपोआप उलगडायचा.

आधीची 'हबल' दुर्बीण 1990 साली सोडली, तेव्हा तिच्या आरशात दोष निघाला. ती पृथ्वीपासून सहाशे किलोमीटरवर होती म्हणून 1993 साली माणसे जाऊन दुरुस्त करून आली. जेम्स वेबचे ठिकाण मात्र पंधरा लाख किलोमीटरवर, चंद्राच्या जवळजवळ चौपट दूर. तिथे माणूस पोचत नाही. पाऊस दगा देतो तेव्हा आपण दुबार पेरणी करतो, इथे ती सोय नव्हती. जिथे एक भाग अडला की सारे काम वाया, अशा 344 जागा त्यात होत्या. त्या पुन्हापुन्हा तपासण्यात गेलेली वर्षे मी वाया गेली असे म्हणणार नाही.

पण बाकीच्या उशिराचे काय? 2010 साली चौकशी समितीने सांगितले की दोष यंत्रात नाही, अंदाजपत्रकात आणि कारभारात आहे. खर्चाचा आकडा मुळातच तोकडा धरला होता. (मंजुरीसाठी आकडा लहान दाखवायचा, ही रीत आपल्याकडेच आहे असे समजू नका.) 2011 साली तिथल्या संसदेच्या एका समितीने हे कामच बंद करावे असे सुचवले. पैसा पुन्हा मंजूर झाला, पण खर्चाला मर्यादा घालून.

त्यानंतरही चुका झाल्याच. झडपा धुताना चुकीचे द्रावण वापरले. आवाजाच्या हादऱ्यांची चाचणी घेताना आडोशाचे स्क्रू आणि वायसर निखळून पडले. तपासणीत आडोसा फाटला. 2018 च्या समितीच्या हिशेबाने असल्या माणसांच्या चुकांपायी सुमारे दीड वर्ष आणि साठ कोटी डॉलर गेले. फवारणीच्या पंपात तणनाशक राहून कपाशी करपली तर आपण गड्याला बोलतो. इथे तर सारे शिकलेले लोक होते! असल्या उशिराची कड घ्यायचे मला काही कारण दिसत नाही.

शेवटी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून युरोपच्या एरियान अग्निबाणाने ती सुटली. दोन आठवडे एकेक घडी उलगडत गेली, आणि 344 पैकी एकाही जागेने दगा दिला नाही. 12 जुलै 2022 रोजी पहिली रंगीत छायाचित्रे जगाला दाखवली. अग्निबाणाने नेम इतका अचूक धरला की वाट सुधारायला ठेवलेले इंधन पुष्कळसे वाचले. दहा वर्षे चालावी एवढी आशा होती, तिथे आता वीस वर्षांहून अधिक पुरेल असा हिशेब आहे.

पुढच्या अंकात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी लिहीन.