पुरातला मासा आणि आमचा फोटो

काल संध्याकाळी पुराचे फोटो काढायला बंधाऱ्यावर गेलो होतो. पाणी बंधाऱ्यावरून वाहत होतं. गुडघाभर असेल. त्यात दोन पोरं फेकजाळं घेऊन उभी, तिसरा काठावरून व्हिडिओ काढतोय. हाक मारली तर म्हणतात, "काय होतंय ओ काका, पवायला येतंय की आम्हास्नी!"

मित्रांनो, प्रश्न पोहता येण्याचा नाहीच.

पावसाळ्यात मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो, अंडी घालायला. बंधारा आडवा आला की खालच्या बाजूला थव्यानं अडकतो. म्हणून सगळे तिथंच जाळं टाकतात. पण तीच जागा सगळ्यात घातकी. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरतं आणि आत पडलेल्याला परत बंधाऱ्याकडं ओढतं. तिथं पट्टीचा पोहणाराही हरतो. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. सकाळी उभं राहता आलं म्हणून संध्याकाळी येईलच असं नाही.

त्यात आपल्या राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित. धरण भरलं की आपोआप उघडतात, रात्र असो की पहाट. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी. असे दरवाजे ७. आपण टीव्हीवर राजाराम बंधाऱ्याचे आकडे बघत बसतो, इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. ती पातळी यायच्या कितीतरी आधी गावोगावचे बंधारे पाण्याखाली जातात. मग 'अजून इशारा पातळी कुठं आलीय' म्हणून निर्धास्त राहायचं कसं?

आमच्या नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी भोई समाजाची घरं आहेत. त्यातले एक आजोबा मला म्हणाले होते, "पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पाला वाहून याय लागला की जाळं गुंडाळायचं. मासा काय, परत येतोय." ज्यांचं पोट नदीवर, ते मागं सरतात. हौशे मात्र पुढं.

पण मागं सरणाऱ्यानं त्या दिवसांत खायचं काय? समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा हंगाम. नदीतला मासाही याच दिवसांत पोटात अंडी घेऊन चढतो. त्याला आपण बंधाऱ्यावर गाठतो आणि पुढं उन्हाळ्यात 'नदीत मासा राहिला नाही' म्हणून रडतो. नदीतही चढणीच्या दिवसांत बंधाऱ्याखाली जाळं नको, आणि त्या काळात खऱ्या मच्छीमाराच्या घराला मदत हवी. नुसत्या बंदीनं गरीबच भरडला जाईल.

बाकीचं तर गावातच होण्यासारखं आहे. पाणी वाढायला लागलं की ग्रामपंचायतीनं भोंग्यावरून सांगावं, बंधाऱ्याच्या दोन्ही तोंडाला अडथळे लावावेत. पोलीस पाटलांनी दोन पोरांना घरी पाठवलं तर वाईटपणा येईल, येऊ दे.

आणि आता आमचं. 'पुरात सापडला भला मोठा मासा', ही बातमी मीही फोटोसकट दिलीय. एकदा नाही, अनेकदा. लोकांनी आवडीनं वाचली. कालची पोरं तसल्याच फोटोसाठी पाण्यात उतरली होती. म्हणून ठरवलंय, पुरात उभं राहून मासा धरलेल्याचा फोटो माझ्याकडून यापुढं छापला जाणार नाही.

तुम्हीही तसला व्हिडिओ आला तर पुढं ढकलू नका. पोरगं ओळखीचं असेल तर आधी त्याच्या घरी फोन करा.